देवाचा रकाना

सहल कुठलीही असो, सर देवळात जायचे नाहीत. दाराबाहेर एखादी पायरी किंवा झाडाचा पार बघायचे, त्यावर रुमाल अंथरून बसायचे आणि म्हणायचे, "जावा तुमी. मी चपला बघतो."

अंबाबाईच्या देवळाबाहेर हेच, बाहुबलीच्या डोंगरावर हेच, पन्हाळ्यावरच्या दर्ग्याबाहेर हेच. एकदा नाताळात आम्ही मुलांना चर्च दाखवायला नेलं. तिथं चपला काढाव्या लागत नाहीत हे कळल्यावर सर जरा गडबडले. मग म्हणाले, "बरं, मग छत्र्या द्या हिकडं." डिसेंबरात छत्र्या कुणाकडं असणार? शेवटी दोन मुलींच्या पर्सा मांडीवर घेऊन ते फाटकापाशी बसून राहिले.

चपला ते नुसत्या बघायचे नाहीत. जोड्या लावायचे, आणि प्रत्येक जोडीचं तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायचे. का, असं मी विचारलं होतं. "आत गेलेला माणूस बाहीर येतो तवा त्याचं ध्यान आतच असतंय. वाकून उलटसुलट करत बसला तर त्ये जातंय. यावं, पाय घालावा, चालाय लागावं."

बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "काय मागितलासा?"

मुलं लाजायची. "सर, असं सांगायचं नसतं."

"देवाला सांगिटलं त्ये चालतंय, आन मास्तरला न्हाय व्हय?"

एकानं सांगून टाकलं, की शिक्षक पात्रता परीक्षा पास होऊ दे म्हणून मागितलं. सर गंभीरपणे म्हणाले, "ही परीक्षा कुठल्या देवाच्या खात्यात येती, चौकशी केलासा का? न्हायतर अर्ज भलत्याच टेबलावर जायचा."

सर आमच्या बी.एड. कॉलेजात शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवायचे. मी त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागलेला, विज्ञान अध्यापन पद्धतीचा प्राध्यापक. शिरोळ तालुक्यातल्या शेतकरी घरातून ते आले होते, आणि पुण्याला शिकून, जाड पुस्तकं वाचूनही त्यांनी बोली सोडली नव्हती. प्राचार्यांना, शिपायाला, छात्राध्यापकांना, तपासणीला आलेल्या समितीच्या अध्यक्षांना, सगळ्यांना ते 'पावणं' म्हणायचे. अध्यक्षांना ते आवडलं नव्हतं.

सरांचा देवावर विश्वास होता की नव्हता, यावर स्टाफरूममध्ये दोन तट होते. देवळात जात नाहीत म्हणजे नास्तिक, असं एक म्हणायचा. देवाच्या दारात लोकांच्या चपला राखतो तो कसला नास्तिक, असं दुसरा. एका वर्गानं त्यांना थेटच विचारलं. सर म्हणाले, "ह्ये सांगनार न्हाय. वर्गात मास्तरचा देव खिशात ऱ्हायला पायजे. पोराचा टेबलावर." मग स्वतःच्या शर्टाच्या खिशाला हात लावून म्हणाले, "आन खिशात काय हाय, का खिसा फाटका हाय, त्ये तुमी तपासायचं न्हाय."

त्यांचा पहिला तास मी एकदा मागं बसून ऐकला होता. त्यांनी मुलांना उठवलं. मूल जन्मतः चांगलंच असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खिडकीकडं जायचं. त्याला वळण लावल्याशिवाय ते बिघडतं, असं वाटतं त्यांनी दाराकडं. वर्ग दोन भागांत उभा राहिला. भांडणं सुरू झाली. दाराकडच्या एकानं स्वतःच्या धाकट्या भावाचे पुरावे दिले. खिडकीकडच्या मुलीनं सांगितलं, की भावाला तूच बिघडवला असशील. सर मजा बघत होते. अर्ध्या तासानं म्हणाले, "आता सांगा, ह्ये कुणी मोजलंय? कुठल्या प्रयोगशाळेत? कुणीच न्हाय. ही तुमची श्रद्धा हाय. मानूस मुळात कसा हाय आन कशासाठी हाय, ह्यो प्रश्न धर्मशास्त्राचा. देवाचं नाव न घेता तुमी समद्यांनी अर्धा तास त्येच केलासा. शिक्षणाचा कुठलाबी विचार खरवडून बघा, खाली ह्येच निघतंय."

धर्मनिरपेक्ष देशात शिक्षकानं हे कशाला उकरायचं, असं एकानं विचारलं. सर म्हणाले, "पोस्टमन धर्मनिरपेक्ष असतो. समद्यांची पत्रं सारखीच टाकतो. पण पत्ता वाचतो की. पत्ता न वाचता पत्र टाकनारा पोस्टमन धर्मनिरपेक्ष न्हवं, त्यो नुसता फिरतोय."

या सगळ्यातून तो रकाना आला.

बी.एड.च्या मुलांना शाळेत जाऊन सराव पाठ घ्यावे लागतात, आणि प्रत्येक पाठाचं टाचण आधी लिहावं लागतं. त्याचा एक ठरीव तक्ता असतो. उद्दिष्टं, शिक्षक काय करणार, विद्यार्थी काय करणार, फळ्यावर काय लिहिणार, मूल्यमापन कसं करणार. सरांनी या तक्त्यात शेवटी एक रकाना घातला: 'या पाठात मूल देवाबद्दल, मरणाबद्दल किंवा पापपुण्याबद्दल काय विचारेल? तेव्हा तुम्ही काय कराल?' कॉलेजच्या छापील तक्त्यातच तो घालून घेतला. जुन्या प्राचार्यांनी सही केली, कारण सरांशी वाद घालण्यापेक्षा सही लवकर होत असे. मुलं त्याला देवाचा रकाना म्हणायची.

आधी सगळे हसले. प्रकाशसंश्लेषणात देव कुठला? कुणी लिहायचं, 'लागू नाही.' सर ते टाचण परत करायचे, आणि खाली फक्त दोन शब्द: 'आणि मग?' मग मुलं डोकं खाजवायची, शाळेतल्या पोरांशी बोलायची आणि चकित होऊन परत यायची. भूमितीच्या पाठात एका छात्राध्यापकानं सांगितलं, की बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. पाचवीतल्या पोरानं विचारलं, "मग त्यो हाय कशावरनं?" सर आठवडाभर हा प्रश्न भेटेल त्याला सांगत होते. कँटीनवाल्यालाही सांगितला. तो म्हणाला, "सर, चहा हाय, एवढं मला म्हाईत हाय."

या रकान्यात एक उत्तर चालायचं नाही. 'हे घरी विचार.' त्यावर सरांची बंदी होती. धर्माचं शिकवा असं ते कधीच म्हणाले नाहीत, उलट पाठात कुणी भक्तिभावानं बोलायला लागलं तर त्याला वर्गाबाहेर काढायचे. पण उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. लोक वेगवेगळं मानतात असं सांगा. पोराला वाटतंय काय ते विचारा. घरी पाठवू नका.

एका शाळेत गांडुळावरचा पाठ चालला होता. सर आणि मी निरीक्षणाला, मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. एका मुलीनं विचारलं, "बाई, गांडूळ मेल्यावर त्याचे पण दिवस घालतात का?" बाईंनी, म्हणजे आमच्या छात्राध्यापिकेनं, गोड आवाजात सांगितलं, "हे घरी विचार हं बाळा." सर उठले. बाक करकरला. सगळा वर्ग मागं बघायला लागला. ते बाहेर गेले ते तास संपेपर्यंत व्हरांड्यात, मुलांच्या चपलांपाशी बसून राहिले. तास संपल्यावर ती छात्राध्यापिका रडवेली होऊन पुढं आली. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "घरी कोन हाय, तुमाला म्हाईत हाय का, पावणं?"

मला हे जरा अति वाटलं होतं. त्याच वर्षी सहलीत, पन्हाळ्यावर, मुलं दर्ग्यात गेली होती आणि सरांबरोबर चपला राखायला मीही बसलो होतो. मी विचारलं, "सर, एवढं काय त्या वाक्यात?"

चपलांच्या जोड्या लावता लावता त्यांनी सांगितलं. लहान असताना त्यांचा धाकटा भाऊ तापानं गेला. सर तेव्हा तिसरीत. त्यांनी शाळेत मास्तरांना विचारलं, की देवानं त्याला का नेलं. मास्तर चांगले होते, त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, घरी विचार. सरांनी घरी विचारलं. घरात एक चुलती होती, दुःखानं आणि रागानं भरलेली. ती म्हणाली, "तू परवा देवाम्होरचा परसाद हात न जोडता खाल्लास, म्हनून."

सरांनी हातातली चप्पल खाली ठेवली. तोंड बाहेर केलं. "तिचा इचार वाईट न्हवता. तिलाबी कुणीतरी कारण द्यायला पायजे हुतं. पण मला केस पिकूस्तवर वाटत हुतं, की त्याला म्याच मारला. तत्त्वज्ञान शिकलो, पुस्तकं वाचली, समदं झालं, तरीबी वाटायचं. मास्तरनं तवा एकच वाक्य बोलायला पायजे हुतं. 'मला ठावं न्हाय, पण तुझ्यामुळं न्हाय.' देव हाय म्हणा, न्हाय म्हणा, त्ये नंतर बघू. एवढं एक वाक्य."

मुलं दर्ग्यातून बाहेर आली. सरांनी पहिल्याच पोराला विचारलं, "काय मागितलासा?"

हे मला माहीत होतं. पुढं मी जे केलं ते हे माहीत असताना केलं, म्हणून इथं आधी लिहिलं.

जुने प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा सर सर्वांत ज्येष्ठ होते. त्यांनी खुर्ची नाकारली. "दिवसभर सह्या करायच्या म्हंजे इचार करायचा कवा?" म्हणून मी प्रभारी झालो. माझ्या कायम नेमणुकीचा प्रस्ताव मान्यतेसाठी वर गेलेला होता, आणि त्या काळात कॉलेजातून कसलाही आवाज बाहेर जाऊ नये, एवढंच माझं धोरण होतं.

त्या वर्षी पंचगंगेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका शाळेत आमचे सराव पाठ लागले. भिंतीवर डोक्याच्याही वर पाण्याची मातकट रेघ होती, वर्गाला ओलीचा वास होता. पद्मजा नावाची आमची छात्राध्यापिका जलचक्र शिकवणार होती. जयसिंगपूरची, व्यापारी जैन घरातली, बोलायला हळू, पण टाचण अतिशय नेटकं. देवाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: 'पूर देवाने आणला का, असे विचारतील.'

विचारलंच. चौथीतला मुलगा होता. "बाई, पूर देवानं आणला व्हय? आमची म्हस व्हावून गेली. दावं मी बांधलंतं."

पद्मजानं खडू खाली ठेवला. ती म्हणाली, "पाणी कसं चढलं ते आपण आत्ता फळ्यावर बघितलं. ते कुणी चढवलं का, याबद्दल माणसं वेगवेगळं मानतात, आणि मोठ्यांनाही तो प्रश्न सुटलेला नाही. तुझ्या घरी काय मानतात ते तू मानू शकतोस. पण एक मला नक्की माहीत आहे. म्हैस तुझ्यामुळं गेली नाही. दावं तू नीटच बांधलं होतंस."

मुलगा बसला. मग त्यानं बाकावर डोकं ठेवलं. मागच्या बाकावर माझ्या शेजारी निरीक्षणाला बसलेल्या सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, आणि पुसतच राहिले. टाचणाखाली त्यांनी तिला पहिल्यांदाच 'आणि मग?' लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही, नुसती सही केली.

दुसऱ्या दिवशी माझ्या केबिनमध्ये दोन माणसं आली, वेगवेगळी, पण एकाच वेळी. एक त्या वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचे वडील. "पूर देवानं आणला का न्हाय ह्ये मोठ्यांनाबी ठावं न्हाय, असं बाईनं सांगिटलं. म्हंजे आमी घरात सांगतो त्ये खोटं व्हय?" दुसरे एक निवृत्त गृहस्थ, समाजसुधारणेचं काम करणारे, त्या शाळेच्या समितीवर असलेले. "विज्ञानाच्या तासाला देवाचं नाव निघालंच कसं? तुमच्या छापील तक्त्यात तसा रकाना आहे म्हणे."

मी चहा मागवला. दोघं शेजारी शेजारी बसले. आधी एकमेकांकडं संशयानं बघत होते, पण चहा संपेपर्यंत दोघांच्या लक्षात आलं की आपली मागणी एकच आहे. रकाना काढा. आस्तिक-नास्तिकांचं इतक्या पटकन एकमत झालेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. जाताना दोघंही म्हणाले, की नाहीतर वर कळवावं लागेल.

वर माझा प्रस्ताव होता.

मी म्हणालो, "कळवायची गरजच नाही. वरूनच परिपत्रक आलंय. तो रकाना काढायचाच आहे."

असं कुठलंही परिपत्रक आलं नव्हतं. वाक्य तोंडातून इतकं सहज बाहेर पडलं, की क्षणभर मलाच खरं वाटलं.

संध्याकाळी सर आले. शिपायाकडून त्यांना कळलं होतं. "परिपत्रक आलंय म्हणं. दाखवा की."

"फाईलला लागलंय, सर. शोधावं लागेल."

"काय म्हंतंय त्यात?"

"धार्मिक स्वरूपाचे प्रश्न पाठ टाचणात असू नयेत."

"कारण दिलंय?"

"कारण देत नाहीत, सर, परिपत्रकात."

ते माझ्याकडं बघत होते. संशयानं नाही. मला वाईट वाटत असणार, असं त्यांना वाटत होतं. "तुमी काय करनार त्याला," असं म्हणून उठले. दारात वळून म्हणाले, "सापडलं की द्या. आपन उत्तर लिहू."

पद्मजाचा पाठ मी रद्द ठरवला आणि तिला तो पुन्हा घ्यायला लावला, नव्या तक्त्यावर. ती म्हणाली, "सर, पण मुलांनी परत तेच विचारलं तर?" मी म्हणालो, "घरी विचारायला सांग." ती "बरं, सर" म्हणाली. ते शब्द मी उच्चारले तेव्हा बाहेर व्हरांड्यात सरांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी बिंदूची गोष्ट सांगत होते.

पुढल्या वर्षी सर निवृत्त झाले आणि परिपत्रकाच्या मागं लागले. त्यांना ते रद्द करून घ्यायचं होतं, आणि रद्द करायला आधी हातात पाहिजे. विद्यापीठात गेले, शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले, पुण्याला गेले. मला भीती होती की कुणीतरी सांगेल, असं काही नाहीच. कुणीही सांगितलं नाही. एका कचेरीतला कारकून म्हणाला, "व्हय, आलतं तसलं कायतरी." दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, की वरिष्ठ रजेवर आहेत, त्यांच्याकडं असेल. कागलच्या एका कॉलेजनं सरांचं बघून रकाना घातला होता, त्यांनीही तो घाईघाईनं काढून टाकला. त्यांच्या प्राचार्यांनी तर सरांना ठामपणे सांगितलं, "मी वाचलंय. दुसऱ्या परिच्छेदात स्पष्ट आहे."

प्रत्येक फेरीनंतर सर मला फोन करायचे आणि कुठं काय झालं ते सांगायचे. "तुमी बी शोधा, पावणं." मी "शोधतोय" म्हणायचो. माझी मान्यता आली. पेढे द्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सांगितलं, "ह्यांचं आता एकच चाललंय. जेवताना सुद्धा परिपत्रक."

एकदा शिक्षकांच्या एका शिबिरात सरांना बोलायला बोलावलं होतं. विषय होता 'धर्मनिरपेक्ष समाजातलं शिक्षण'. मी तिसऱ्या रांगेत होतो. सर उभे राहिले आणि म्हणाले, "म्या एका परिपत्रकाच्या मागं लई फिरलो. आता मला त्याचं धर्मशास्त्र कळाय लागलंय. बघा, त्ये कुणी बघितलेलं न्हाय, पण समदी पाळत्यात. लिवनारा दिसत न्हाय, पण भ्या हाय. एकजण म्हणतो, म्या वाचलंय. त्यो प्रेषित. बाकीचे अर्थ सांगत्यात, त्ये भाष्यकार. आन म्या एकटा म्हणतोय, दाखवा की. म्हंजे म्या पाखंडी."

सभागृह हसून हसून लोळत होतं. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत होता. सर थांबले, आणि हसणं ओसरल्यावर म्हणाले, "आपन म्हणतो, देवाला वर्गाबाहीर काढला. खुर्ची तशीच ऱ्हाती, पावणं. कुणीतरी येऊन बसतंयच. परीक्षा बसती, साहेब बसतो, आमच्यात परिपत्रक बसलं. कोन बसलंय त्ये पोरांसंगं मोकळं बोला, एवढंच माझं म्हननं हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, तुमचा विश्वास आहे का त्या परिपत्रकावर?"

सर म्हणाले, "हाय की. ज्यानं मला सांगिटलं, त्यो खोटं बोलनारा मानूस न्हवं."

त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. प्रेमानं. मी हसलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी ते हसू सांगेन.

त्यानंतरही मी वर्षानुवर्षं गप्प राहिलो. गप्प राहण्याची सवय होते, आणि ती सभ्यपणासारखी दिसते.

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासक्रमासाठी टाचणाचा नवा तक्ता ठरवायची बैठक होती. आमच्याकडं नव्यानं लागलेली एक प्राध्यापिका म्हणाली, की मुलं मरणाबद्दल, पापपुण्याबद्दल फार विचारतात, त्यासाठी एखादा रकाना ठेवावा का? मी काही बोलायच्या आत एक सहकारी म्हणाले, "नाही जमणार. त्याबद्दल जुनं परिपत्रक आहे. आहे ना, सर?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "बघतो."

त्या दुपारी मी सरांकडं गेलो. आता ते फारसे बाहेर पडत नाहीत. गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, बाकी तेच. पुढच्या खोलीत कॉटवर बसून संत्रं सोलत होते. "या पावणं. सापडलं का?"

दर वेळी ते हेच विचारतात. दर वेळी मी नाही म्हणतो. या वेळीही "नाही" म्हणालो, आणि मग म्हणालो, "सापडणार नाही, सर. नव्हतंच ते. मी सांगितलं होतं."

त्यांना नीट ऐकू गेलं नाही असं वाटलं, म्हणून मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. आतून काकूंचा भांड्यांचा आवाज थांबला.

"कुणी काडलं हुतं मग?"

"कुणीच नाही. मी तोंडानं बोललो. ती दोन माणसं आली होती ना, त्यांना. मग तुम्हाला."

सर संत्र्याच्या सालीचे बारीक तुकडे करत राहिले. "म्हंजे म्या भांडत हुतो त्ये तुमच्यासंगं."

"होय, सर."

"पुन्याला गेलतो मी."

"होय."

"त्यो कारकून म्हनला, आलतं तसलं कायतरी." त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं आणि लगेच गेलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या नजरेत राग मी पहिल्यांदाच पाहत होतो. तो मोठा नव्हता. थकलेला होता.

"म्या तुमाला पन्हाळ्यावर समदं सांगिटलंतं," ते म्हणाले. "आन म्या दाखवा म्हणत आलो, तर तुमी मला हिकडं विचार, तिकडं विचार करून धाडलासा. तुमी मला 'घरी विचार' म्हणालासा, पावणं."

मी मान खाली घातली. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी संत्रं धरलेला हात वर केला. "माझं ऱ्हाऊ द्या. म्या म्हातारा हाय, मला कामधंदा झाला. ती पोरगी? पुराच्या पाठाची?"

पद्मजा जयसिंगपूरलाच एका शाळेत शिकवते, हे मला माहीत होतं. मी तसं सांगितलं.

"ती काय सांगती आता पोरांना?"

"माहीत नाही."

"लावा फोन."

"आत्ता, सर?"

"मग कवा?"

मी लावला. मधली सुट्टी चालली असावी, मागं पोरांचा कल्ला होता. पद्मजा आनंदानं बोलली. मी तिला सांगितलं, थांबत थांबत. सरांपेक्षा तिला सांगणं जड गेलं. माझं बोलून झाल्यावर पलीकडचा कल्ला हळूहळू कमी झाला. ती पोरांपासून लांब गेली असावी.

"सर," ती म्हणाली, "मी एवढी वर्षं सगळ्यांना घरी विचारा म्हणत आलेय. मला वाटायचं, नियम आहे."

"माझी चूक आहे, पद्मजा."

"तसं नाही, सर. परवा एका मुलीनं विचारलं. तिची आई दवाखान्यात आहे. ती म्हणाली, बाई, मी आईला उलटं बोलले म्हणून देवानं केलं का असं? आणि मी तिला..." ती थांबली. "ती आजही आलीय वर्गात. आता सुट्टी संपेल. काय सांगू तिला?"

मी सरांकडं फोन पुढं केला. सरांनी हात मागं घेतला. मान हलवली. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, कण्हत, उठले. काकू आतून म्हणाल्या, "आता कुठं निघालासा?" सरांनी कोनाड्यातला रुमाल घेतला.

"बोला तुमी," ते मला म्हणाले. "मी चपला बघतो."

उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर त्यांनी रुमाल अंथरला आणि माझ्याकडं पाठ करून बसले. माझे बूट तिथं वेडेवाकडे पडलेले होते. त्यांनी वाकून ते उचलले, जोडी लावली, आणि तोंड रस्त्याकडं करून ठेवले.

"सर, आहात ना?" फोनवर पद्मजा विचारत होती.

"आहे," मी म्हणालो.